पाणपोईवर घागर



या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र निघालं. तिचा प्रश्न दिसायला लहान आहे, पण मला चार दिवस पुरला. म्हणून पत्र जवळजवळ जसंच्या तसं देतो.

ती लिहिते, ‘काका, माझे मामा कॅलिफोर्नियात राहतात. सुट्टीत आले होते. त्यांच्याकडे विजेवर चालणारी टेस्ला गाडी आहे, २०१५ सालची. ते म्हणाले की कंपनीच्या रस्त्यावरच्या चार्जरवर त्यांना एक पैसासुद्धा पडत नाही, गाडी असेपर्यंत! पण त्यांच्या शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीची नवी गाडी आहे, त्यांना मात्र पैसे पडतात. दोघं एकाच चार्जरवर शेजारीशेजारी उभे राहतात. हा अन्याय नाही का? आणि गंमत म्हणजे चार्जिंग संपल्यावर गाडी लगेच हलवली नाही तर मामांनाही दंड होतो. मग फुकट म्हणजे नक्की काय?’

शाब्बास! एका पत्रात तीन प्रश्न. उत्तर देतो, पण आधी थोडं माझ्या आजोळी जाऊन येऊ. घाबरू नका, लवकर परत आणतो.

माझे आजोबा दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या फाट्यावर पाणपोई घालायचे. गुढीपाडव्याला सुरू, मृगाचा पाऊस पडला की बंद. कडुनिंबाखाली छोटासा मांडव, वाळूत रोवलेले तीन रांजण, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं, आत वाळ्याची जुडी आणि वर झाकणावर पितळी ओगराळं. एस.टी. थांबली की माणसं उतरायची, ओंजळीनं पाणी प्यायची, तोंडावर मारायची आणि पुढं जायची. पैसे कुणी विचारायचं नाही, कुणी द्यायचंही नाही. मात्र ते पाणी तिथं आपोआप येत नव्हतं हं! मैलभर लांबच्या विहिरीतून बैलगाडीवर पिंप भरून यायचं, दिवसातून दोन खेपा. बैल आमचे, वैरण आमची, गडी आमचा.

एका वर्षी गंमत झाली. म्हणजे आजोबांना ती गंमत वाटली नाही. दुपारी एकची एस.टी. आली, माणसं मांडवाकडे धावली आणि तिन्ही रांजण कोरडे! एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन तशीच गाडीत परत बसली. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते झाडाआड खुर्ची टाकून बसले. पाणी जातं तरी कुठं?

तर आजोबांना तिथंच खुर्चीवर बसू दे. आपण अमेरिकेत जाऊ.

साल २०१२. टेस्ला कंपनीनं ‘मॉडेल एस’ नावाची विजेवरची मोटार बाजारात आणली. तिच्या मोठ्या बॅटरीत ८५ युनिट वीज मावायची. युनिट म्हणजे काय, हे घरच्या विजेच्या बिलावर पाहा. एक हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. त्या ८५ युनिटांवर गाडी साधारण सव्वाचारशे किलोमीटर जायची. गावातल्या गावात फिरायला हे रगड झालं. पण लॉस अँजेलिसहून सॅन फ्रान्सिस्को सहाशे किलोमीटर आहे. मधे बॅटरी संपली तर? पेट्रोलचे पंप कोपऱ्याकोपऱ्यावर, विजेचा पंप कुठंच नाही. अशी गाडी कोण घेणार?

घरच्या प्लगला लावून ठेवू म्हणाल, तर जरा हिशेब करा. आपल्याकडचा मोठा, पंधरा अँपिअरचा प्लग तासाला साधारण तीन युनिट देतो. ८५ युनिट भरायला अठ्ठावीस तास! रात्री घरी गाडी झोपलेली असताना हे ठीक आहे, प्रवासात मात्र माणूस वेडा होईल. शिवाय घरची वीज असते एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेनं जाणारी. एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं, पण ते छोटंसं. जलद चार्जरमध्ये हेच यंत्र कपाटाएवढं करून रस्त्याकडेला उभं करतात आणि डीसी वीज थेट बॅटरीत ढकलतात. २०१३ सालच्या टेस्लाच्या चार्जरची ताकद १२० किलोवॉट होती. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे साठ गीझर एकदम लावावेत एवढी वीज एका गाडीसाठी!

तर २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर अशी सहा ठिकाणं उघडली. नाव ठेवलं ‘सुपरचार्जर’. आणि जाहीर केलं की इथं चार्जिंग फुकट! पाणपोईच की ही. वाटसरूनं थांबावं, भरून घ्यावं, पुढं जावं.

पण थांबा. खरंच फुकट होतं का? छोट्या बॅटरीची, साठ युनिटांची गाडी घेणाऱ्याला सुपरचार्जर वापरायचा असेल तर खरेदीच्या वेळीच दोन हजार डॉलर जास्त मोजावे लागत. मोठ्या बॅटरीच्या गाडीत ती सोय किमतीतच धरलेली होती. म्हणजे, मैत्रिणी, तुझ्या मामांनी पैसे दिलेलेच आहेत. फक्त आधी दिले, आणि एकदाच दिले. लग्नाच्या पंगतीत ताट वाढताना कुणी पैसे मागत नाही, पण आचाऱ्याला कुणीतरी दिलेले असतातच ना? तसंच.

आता असा एकरकमी सौदा केव्हा परवडतो? माणसं वर्षातून चारदोन वेळाच लांबच्या प्रवासाला जातील आणि एरवी घरीच चार्ज करतील, असा कंपनीचा हिशेब होता. बहुतेकांनी तसं केलंही. पण काही जण रोज संध्याकाळी ऑफिसातून येता येता सुपरचार्जरवर थांबू लागले. वाण्याकडं जावं तसे! २०१५ च्या जूनमध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क भागधारकांच्या सभेत म्हणाले की काही लोक घराजवळच्या चार्जरचा फार जोरात वापर करत आहेत, ही सोय लांबच्या प्रवासासाठी आहे. ऑगस्टमध्ये अशा गाडीमालकांना पत्रंसुद्धा गेली. पत्रं वाचून काही जण भडकले. त्यांचं म्हणणं होतं, ‘विकताना तुम्ही फुकट म्हणालात, कायमचं म्हणालात. रोज यायचं नाही असं कुठं लिहिलं होतं?’

मला विचाराल तर यात गाडीमालकांची बाजू जड होती. ‘पाहिजे तेवढं खा’ अशी पाटी लावायची आणि एखाद्यानं सोळा जिलब्या खाल्ल्या की डोळे वटारायचे, हे बरं नव्हे.

आणि दुसरंही एक आहे. रोज येणारे सगळे काही लोभी नव्हते. ज्याचा स्वतःचा बंगला आणि गॅरेज, त्याला घरी प्लग. पण जो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते, त्यानं वायर कुठून सोडायची? चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून? (हसू नका. आपल्या सोसायट्यांतून पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा म्हटलं की सर्वसाधारण सभेत काय काय होतं, ते आई-बाबांना विचारा.)

चला, आता आजोबांकडे. झाडाआडून त्यांनी काय पाहिलं? सकाळी आठ वाजता एक ट्रॅक्टरवाला आला, बादली भरून इंजिनात ओतली, दुसरी भरून पाय धुतले. नऊ वाजता दोन पोरं आली, एकमेकांवर ओगराळ्यानं पाणी उडवून गेली. आणि साडेनऊला एक बाई आली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. दोन्ही काठोकाठ भरून घेऊन खाली मान घालून निघून गेली. गड्यानं सांगितलं, ‘मालक, ही रोज येती. तीन खेपा करती.’

गडी तिला हाकलायला निघाला होता. आजोबांनी त्याला थांबवलं. का, ते पुढं सांगतो.

टेस्लाच्या गाड्या दरम्यान भराभर वाढत गेल्या आणि चार्जरपुढे रांगा लागू लागल्या. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की १ जानेवारी २०१७ नंतर नोंदवलेल्या गाड्यांना कायमचं फुकट मिळणार नाही. वर्षाला ४०० युनिट मोफत, म्हणजे साधारण सोळाशे किलोमीटरपुरते; त्यापुढे पैसे. दोनअडीच लांबचे प्रवास त्यात निघतात. पुढं ही सवलतही गेली. (अमेरिकेतल्या काही राज्यांत तर युनिटप्रमाणे नव्हे, मिनिटाप्रमाणे पैसे घेत, कारण तिथल्या कायद्यानं युनिट मोजून वीज फक्त वीज कंपन्यांनीच विकायची!) जुन्या गाड्यांना दिलेला शब्द मात्र कंपनीनं मोडला नाही. म्हणून मामांची गाडी फुकट, आणि शेजाऱ्यांची पैशानं. शेजाऱ्यांनी गाडी घेतली तेव्हा त्यांना तो शब्द दिलेलाच नव्हता आणि त्यांनी त्याचे पैसेही दिलेले नव्हते. दोन शेजारी, दोन वेगळे करार. हा अन्याय नाही. डोळ्यांना खटकतो, हे खरं.

आता तिसरा प्रश्न, दंडाचा. मला सगळ्यांत आवडलेला.

२०१६ च्याच डिसेंबरमध्ये एका गाडीमालकानं मस्क यांच्याकडे जाहीर तक्रार केली की कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसच्या चार्जरवर नेहमी गाड्या नुसत्या उभ्या असतात. चार्जिंग कधीच संपलेलं, मालक कुठं तरी खरेदीला! पार्किंगची आयती सोय झाली ना. आठवड्याच्या आत कंपनीनं नियम आणला. चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाच मिनिटांत गाडी हलवा, नाहीतर मिनिटाला चाळीस सेंट. अर्धा तास उशीर झाला की बारा डॉलर. गाडी फुकटवाली असो वा पैसेवाली. पुढं २०१८ मध्ये हा दंड वाढला. ठिकाण पूर्ण भरलेलं असेल तर मिनिटाला एक डॉलर. आणि जिथं निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या आहेत तिथं दंडच नाही. कंपनीनं म्हटलं होतं की या दंडातून आम्हाला कमाई करायची नाही, एकही पैसा मिळाला नाही तर उत्तमच.

बघा हं, इथं माझी पाणपोईची उपमा लंगडी पडते, आणि ती जिथं लंगडी पडते तिथंच खरी गंमत आहे. रांजणातलं पाणी संपतं. तारेतली वीज अशी संपत नाही. उभी राहिलेली गाडी तर एक युनिटसुद्धा घेत नव्हती! मग दंड कसला? तर जागेचा आणि वेळेचा. संपत होती ती वीज नव्हे, प्लगजवळची जागा. वीज फुकट दिली तरी तिची किंमत कुणीतरी भरतोच, आणि तो बिल भरणारा नसतो. मागं रांगेत तासभर ताटकळणारा, मागच्या सीटवर पोरं रडत असलेला माणूस ती भरतो. त्या तान्ह्या मुलाच्या आईसारखा.

इंग्लंडमध्ये हे आणखी स्पष्ट दिसलं. तिथं इकोट्रिसिटी नावाच्या कंपनीनं २०११ पासून मोठ्या महामार्गांवरच्या थांब्यांवर चार्जर बसवले, सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी, आणि फुकट. मग काय झालं? काही गाड्या पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालतात, त्यांना हायब्रीड म्हणतात. त्यांची बॅटरी एवढीशी. ती संपली तरी पेट्रोलवर गाडी सुखानं घरी जाते. पण वीज फुकट आहे म्हटल्यावर हे लोकही प्लग लावून चहा प्यायला जाऊ लागले. आणि ज्याची गाडी फक्त विजेवर चालते, ज्याला दुसरा मार्गच नाही, तो बाहेर उभा! २०१६ च्या जुलैमध्ये त्या कंपनीनं आधी वीस मिनिटांना पाच पौंड असा दर सांगितला, आरडाओरडा झाल्यावर तो अर्ध्या तासाला सहा पौंड केला. आता छोट्या बॅटरीवाल्याला सहा पौंड देण्यापेक्षा पेट्रोलच स्वस्त पडणार. पाटी न लावता, भांडण न करता रांगेतला एक प्रकारचा माणूस कमी झाला.

अर्थात पैसे लावले की गरजू आणि हौशी यांची निवड नेहमीच बरोबर होते असं मुळीच नाही. श्रीमंत हौशी माणूस सहा पौंड सहज देतो. म्हणून मला नुसत्या दरापेक्षा वेळेची मर्यादा जास्त बरी वाटते. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.

वेळेची आणखी एक मर्यादा आहे, तिच्यात थोडं विज्ञान आहे म्हणून सांगतो. मे २०१९ पासून गर्दीच्या सुपरचार्जरवर गाडी ८० टक्के भरली की चार्जिंग थांबायला लागलं. शंभर का नाही? एस.टी. डेपोत लागते तेव्हा पहिली तीस माणसं धडाधड बसतात, जिकडं पाहावं तिकडं जागा. शेवटच्या पाचसात जणांना मात्र मागं पुढं करत, ‘जरा सरका हो’ म्हणत जागा शोधावी लागते. लिथियमच्या बॅटरीत तेच होतं. चार्ज करताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांमधल्या फटींत जाऊन बसतात. फटी भरत आल्या की वेग कमी करावा लागतो. जबरदस्तीनं ढकललं तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूसारखं साचतं आणि बॅटरी बिघडते. म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांना कधीकधी पहिल्या ऐंशीइतकाच वेळ लागतो. तेवढ्या वेळात मागच्या दुसऱ्या गाडीचं काम होऊन जातं. मोबाइल चार्जिंगला लावून हे तुम्हीही पाहू शकता. घड्याळ लावून टक्के लिहून ठेवा, शेवटी शेवटी तो कसा रेंगाळतो ते कळेल.

१५ डिसेंबर २०१७ नंतर विकल्या गेलेल्या टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांनी सुपरचार्जर वापरू नये, असाही नियम कंपनीनं केला. तो ट्रॅक्टरवाला आठवतो ना? धंद्यासाठी पाणपोईचं पाणी. पण टॅक्सीवाला हा ट्रॅक्टरवाला आहे की घागरवाली बाई, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्याचं पोट त्या गाडीवर. घरी गॅरेज असण्याचा संभव कमी. त्याला ‘इथं नको’ म्हणायचं असेल तर ‘मग तिथं ये’ असंही म्हणायला हवं.

आजोबांनी तेच केलं होतं. गड्याला थांबवून ते स्वतः त्या बाईच्या मागं चालत गेले. पलीकडच्या वस्तीची विहीर आटली होती. सहा घरं, प्यायला थेंब नाही. ती बाई तीन घरांचं पाणी नेत होती, आणि चोरून नेतो आहोत असं वाटत असल्यामुळं मान खाली घालून. आजोबा घरी आले, आजीशी काही बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून बैलगाडीची आणखी एक खेप सुरू झाली. पहाटे पाचची. त्या खेपेचं पाणी वस्तीचं. सूर्य वर आला की रांजण वाटसरूंचे. ट्रॅक्टरवाल्याला मात्र सांगितलं, ‘बाबा, तुझं इंजिन विहिरीवर ने.’ त्याला राग आला. चारपाच दिवस तो आमच्या दारावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

सुपरचार्जरवरही आता बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरा दर कमी असतो आणि गर्दीच्या वेळी जास्त. पहाटे पाचची खेपच म्हणायची! त्यामागं वीज कंपनीचाही हिशेब आहे. एकदम साठ गीझर लावणाऱ्याकडून ती नुसते युनिटांचे पैसे घेत नाही, एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचेही घेते. तुमच्यापैकी कुणाच्या घरचा कारखाना असेल तर बिलात ‘मागणी आकार’ अशी ओळ दिसेल, तीच ही. फुकट चार्जरवाल्याला तीही भरावीच लागते.

आता जगभरात सुपरचार्जरचे सत्तर हजारांहून अधिक प्लग झाले आहेत. भारतातलं पहिलं ठिकाण ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालं. तिथं जलद चार्जिंगचा दर सुरुवातीलाच युनिटला २४ रुपये ठेवला होता. घरच्या बिलातल्या दराशी तो ताडून पाहा. फुकटची पाणपोई घालून मग पाट्या लावण्याच्या भानगडीत कंपनी इथं पडलीच नाही.

मैत्रिणी, मामांना माझा नमस्कार सांग. त्यांना एक विचारून मला कळव: गाडी घरी चार्ज करता येत असूनही ते सुपरचार्जरवर किती वेळा जातात? खरं सांगा म्हणावं, आम्ही छापणार नाही.

आणि बाकीच्या मंडळींना एक काम. समजा तुमच्या सोसायटीत एकच जलद चार्जर आहे आणि गाड्या बारा. त्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना रात्री केव्हाही जावं लागतं. एक टॅक्सीवाले काका आहेत. एका आजोबांची गाडी महिन्यातून दोनदाच निघते, पण वर्गणी ते सगळ्यांइतकीच भरतात. चार्जरशेजारी लावायची पाटी तुम्ही लिहायची आहे, जास्तीत जास्त पाच ओळींत. आई-बाबांची मदत घेतली तर चालेल. मात्र त्यांचं आपसात भांडण झालं तर तेही लिहून पाठवा.

तुमचा,
काका